मर्व्हच्या बाटलीची सुरगाठ

माझा भाऊ मर्व्ह टोनेली याला वाइनमधलं सगळं कळायचं आणि माणसांमधलं काही म्हणता काही कळायचं नाही. मी त्याची धाकटी बहीण लोइस. मी स्वतः वाइनच्या थेंबाला शिवत नाही. विसाव्या वर्षी मी डोंगरावरच्या चर्चमध्ये गेले, आणि आमच्या चर्चची माणसं ना दारू पितात ना मांस खातात. वाइन करणाऱ्याच्या पोरीने हे असलं करावं म्हणून आमच्या बापाने महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. मर्व्हने मात्र एका शब्दाने टोकलं नाही. उलट म्हणाला, "बरं झालं, कार्यक्रमाहून परत येताना गाडी चालवायला हक्काचं माणूस मिळालं." त्यानंतर आयुष्यभर मी त्याची गाडी चालवत आले.

आमच्या आजोबांनी लावलेल्या वेली त्याने राखल्या. वाइनसाठी नावाजलेल्या नापाच्या या खोऱ्यात आमच्या बरोबरीची जी जी घरं होती, त्यांनी एकेक करून मळे विकले. शहरातली माणसं आली, डोंगरउतारावर काचेच्या भिंतींची घरं बांधून बसली आणि आपल्या कुत्र्यांच्या नावाने वाइन काढू लागली. मर्व्ह तिथेच, उतारावरच्या त्याच जुन्या, कॅबर्नेट जातीच्या काळ्या द्राक्षांच्या वेलींत. छाटणी स्वतः करायचा, पिंपं स्वतः धुवायचा, लेबलंसुद्धा थंडीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतः चिकटवायचा. लेबलावर नुसतं 'टोनेली' लिहिलेलं. ना चित्र, ना सोनेरी अक्षरं. एकदा एका मासिकाने त्याच्या वाइनला मार्क दिले होते. वर्गातल्या सरासरी मुलाला मास्तर देतात तसे. तो अंक त्याने शेगडी पेटवायला वापरला, आणि हे मला त्याने हसत हसत सांगितलं. पण त्याला आतून हसू येत नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्याचे चोचले तरी किती! चव घेण्याच्या आठवड्यात ग्रेटाने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरात कांदा परतायचा नाही. मी त्यांच्याकडे जाताना वासाचा साबण लावायचा नाही. एकदा मी नवं हँडक्रीम लावून गेले तर त्याने मला अंगणातल्या नळावर हात धुवायला लावले, पाहुण्यांदेखत. ग्रेटा शाळेची बस चालवायची. दांडगी, हसरी बाई. ती म्हणायची, "लोइस, या माणसाला माझ्यापेक्षा पिंपाचा वास जास्त ओळखीचा आहे. मी मेले तर हा आधी हुंगून बघेल." आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

मग ते आगीचं वर्ष आलं. डोंगर पेटला आणि आमचा निम्मा मळा एका रात्रीत गेला. घर वाचलं, ग्रेटाची फुप्फुसं वाचली नाहीत. आधीच तिला दमा, त्यात आठवडेच्या आठवडे तो धूर. डॉक्टरांनी सांगितलं, या खोऱ्यात राहू नका. लेक पॅटी दूर, दुसऱ्या राज्यात बॉयसीला राहते, तिथे ग्रेटा गेली. निघताना मर्व्हला म्हणाली, "तू एवढी सुगी उरक आणि ये." तो म्हणाला, "येतोच."

तो गेला नाही. नाताळात चार दिवस, उन्हाळ्यात आठवडाभर जाऊन यायचा, पण बाडबिस्तरा इथेच. दर वर्षी मळा विकायची गोष्ट निघायची आणि दर वर्षी फेब्रुवारीत ती मागे पडायची. कारण फेब्रुवारीत रॉइसकडची बैठक असायची.

ही बैठक सांगितल्याशिवाय मर्व्हची गोष्ट पुढे जात नाही. रॉइस टिलट्सन हा मर्व्हचा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्यांच्या वाइन सुधारून देण्यात त्याचा जन्म गेला, आता खाली खोऱ्यात मोठं घर आणि मागे कोठार बांधून आरामात आहे. दुसरा गिल अमराल. ट्रॅक्टर, माणसं आणि शिव्या या तीन गोष्टींवर निम्म्या खोऱ्याचे मळे तो सांभाळतो. तिसरे डॉक्टर ऑसगुड, सॅन फ्रान्सिस्कोचे निवृत्त सर्जन. यांच्या तळघरात अशा बाटल्या आहेत की एकीच्या किमतीत माझा महिन्याचा किराणा यावा. मर्व्ह धरून नाकाने कांदे सोलणारी ही चार माणसं वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, रॉइसच्या कोठारात जमायची. प्रत्येकाने कॅबर्नेटच्या दोन बाटल्या आणायच्या, महागातल्या महाग, आवडीच्या. मर्व्ह फक्त स्वतःची एक आणायचा. सगळ्या बाटल्या तपकिरी कागदी पिशव्यांत घालायच्या, गळ्याशी सुतळीने आवळायच्या, वर नंबर टाकायचा. कुणाची कुठली ते कुणाला कळता कामा नये. चव घ्यायची, थुंकायची, मनातला क्रम कागदावर उतरवायचा, आणि शेवटी पिशव्या काढायच्या. जिंकेल त्याचं नाव भिंतीवर टांगलेल्या जुन्या पिंपाच्या झाकणावर तापल्या लोखंडाने डागायचं.

आगीच्या आधी त्या झाकणावर मर्व्हचं नाव एकदाही नव्हतं. आगीनंतर दर वर्षी त्याचंच.

खोऱ्यातल्या सगळ्यात महागड्या वाइनला मागे टाकून, लेबल न बघता, तीन जाणत्या माणसांनी आपल्याला पहिलं ठरवावं! मर्व्हला आणखी काय हवं होतं? मासिकवाले गेले खड्ड्यात. निकाल लागला की तो फोन घेऊन अंगणात जायचा, ग्रेटाला सांगायचा, आणि आत येईपर्यंत त्याची मळा विकायची गोष्ट विरून गेलेली असायची.

गेल्या नोव्हेंबरात ग्रेटा गेली. सुगी संपली होती, पिंपं भरायची होती. तो म्हणाला होता, पिंपं भरली की निघतो, या खेपेला महिनाभर राहतो. मंगळवारी पहाटे पॅटीचा फोन आला. तो पोचला तो दफनाला पोचला.

त्यानंतरची ही पहिली बैठक. जाऊ नकोस, असं मी म्हटलं नाही. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटलं. डोंगर उतरताना दोन्ही बाजूंच्या मळ्यांत वेलींच्या ओळींमधून मोहरी पिवळीधमक फुलली होती. मर्व्ह मांडीवर बाटली धरून बसला होता, जावळाच्या पोराला धरावं तसा. आगीच्या आदल्या वर्षाची बाटली होती. ग्रेटाने स्वतः द्राक्षं खुडली होती ती शेवटची सुगी.

"लोइस," तो म्हणाला, "आज पहिला आलो ना, तर ती उगाच एकटी राहिली नाही, एवढं तरी होईल."

"आणि नाही आलास तर?"

त्याने मांडीवरची बाटली सरळ केली. मग म्हणाला, "तर मग एका म्हाताऱ्याने साध्यासुध्या वाइनपायी बायकोला परगावात मरू दिलं. दुसरं काय?"

मी गाडी चालवत राहिले. पण मनात म्हटलं, देवा, आमच्या चर्चला चालत नसलं तरी आज या वाइनला जिंकव.

रॉइसकडे पोचल्यावर पुरुष कोठारात गेले आणि मी घरी भाजलेला अक्रोडाचा लोफ घेऊन स्वयंपाकघरात. रॉइसची बायको नदीन तिथे बाटल्या पिशव्यांत घालत होती. तिची अर्धशिशी दारूने उठते म्हणून ती पीत नाही. त्यामुळे बुचं काढायचं आणि पिशव्या बांधायचं काम तिचं. सातवी बाटली बांधून होईपर्यंत मी सहज बघत होते, कारण माझं लक्ष हातांच्या कामाकडेच जातं. सहा पिशव्यांना तिने निरगाठ मारली होती, घट्ट, सुतळीची टोकं कापून. चौथ्या पिशवीला सुरगाठ. दोन फासे मोकळे सोडलेले, बुटाच्या नाडीसारखे.

"ही एकच अशी का गं?" मी विचारलं.

नदीन दचकली. आधी म्हणाली, "अशीच बांधली गेली." तिला खोटं बोलता येत नाही. तिची मान लगेच लाल होते.

"नदीन."

तिने दार लोटून घेतलं. "हे बघ, लोइस, तू ओरडणार नसशील तर सांगते. ती मर्व्हची आहे. त्यांना कळावं म्हणून."

"कुणाला कळावं?"

"रॉइसला, गिलला, डॉक्टरांना. आग लागली त्या वर्षी केलं पहिल्यांदा. त्याचा मळा जळलेला, ग्रेटा गेलेली बॉयसीला, माणूस नुसता वाळून चालला होता. रॉइस म्हणाला, एवढं आपण करू शकतो. एक दिवस तरी खूश होईल. मग दुसऱ्या वर्षी मागे कसं फिरायचं? पहिला आलेला माणूस एकदम चौथा आला तर त्याला कसं वाटेल?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी स्टूल ओढून बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं का," मी म्हटलं, "की दर वर्षी तो मळा विकून तिच्याकडे जायला निघायचा? आणि हे झालं की राहायचा?"

"आम्हाला काय माहीत?" नदीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याने मागच्या आठवड्यात रॉइसला फोनवर सांगितलं, की हरलो तर ग्रेटा फुकट गेली म्हणून. आता तूच सांग, आज आम्ही काय करायचं?"

मला काय सांगता येणार होतं? मला एवढंच वाटत होतं की त्या सातही पिशव्या उचलाव्यात आणि एकेक करून त्या कोठाराच्या भिंतीवर आपटाव्यात. इतक्या भल्या माणसांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. चांगुलपणा करायला यांचं काय गेलं? वर्षातून एक दुपार. तिकडे एक बाई एकेक श्वास मोजत बसली होती, तिचं काय? पण मर्व्हला आत्ता सांगायचं तर मघाशी गाडीत जे बोलला तेच त्याच्या तोंडावर फेकण्यासारखं होतं. आणि न सांगावं, तर मीही त्यांच्यातलीच. माझं काही ठरेना. तोवर नदीनने पिशव्यांचा ट्रे उचलला आणि मी तिच्या मागोमाग कोठारात गेले.

लांब टेबल, पांढरा कागद अंथरलेला, प्रत्येकापुढे सात ग्लास. मी मर्व्हच्या मागे शेगडीजवळच्या खुर्चीत बसले. नदीनने सगळ्यांना ओतलं. नंतरचा पाव तास नुसते भुरके आणि गुळण्या. आमचा बाप याला 'गायींचं पाणी पिणं' म्हणायचा.

मर्व्हची पद्धत मला पाठ होती. तो पिशव्यांकडे कधीच बघायचा नाही. बघणं म्हणजे चोरी, असं तो मानायचा. ग्लास उचलायचा, डोळे मिटायचा, दोनदा हुंगायचा. एक, दोन, तीन झाले. चौथा उचलला. नाकाशी नेला न नेला तोच त्याने डोळे उघडले, ग्लास खाली ठेवला आणि लांब सरकवला. तोंडालासुद्धा लावला नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "चौथी गेली बघ. बूच बाधलंय. काय कुबट मारतेय! ओल्या पुठ्ठ्यासारखी. ज्याची असेल त्याची दया येते."

चौथी म्हणजे सुरगाठीची, त्याचीच.

बूच बाधतं म्हणजे काय ते वाइनच्या घरात वाढलेल्या पोराबाळांनाही कळतं. बुचाला कीड लागावी तसं काहीतरी होतं आणि आतली वाइन, कितीही चांगली असो, तळघरातल्या भिजक्या गोणपाटासारखी होऊन बसते. त्यात करणाऱ्याचा दोष नसतो, नुसतं नशीब. असली बाटली निघाली की घरमालकाने, म्हणजे रॉइसने, "बाद!" म्हणून ओरडायचं आणि ती बाजूला ठेवायची, हाच नियम. या चार माणसांत एकही असा नव्हता, ज्याला तो वास दारातून आला नसता.

मी तिघांकडे बघितलं. रॉइसने चौथा ग्लास हुंगला आणि त्याची नजर क्षणभर पिशवीच्या गाठीवर गेली. गिलने हुंगला, कपाळाला आठी पडली, त्यानेही गाठ बघितली. डॉक्टरांनी हुंगला, खोकल्यासारखं केलं आणि पाणी प्याले. "बाद!" असं कुणीही म्हणालं नाही. मर्व्हही म्हणाला नाही. नियम असा की आपल्या मनातलं शेवटपर्यंत कागदावर ठेवायचं, बाद म्हणायचा मान घरमालकाचा. तो रॉइसच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

"हं," रॉइस घसा साफ करत म्हणाला, "चला, सांगा. पहिला कोण? डॉक्टर, आधी तुम्ही."

"मी चौथी," डॉक्टर म्हणाले. कागदावरून डोळे न उचलता. "खोली आहे तिच्यात. संयम आहे."

मर्व्हने झटकन मान वर केली.

"मीही चौथीच," रॉइस म्हणाला. "तो पानांखालच्या मातीचा वास आहे ना, जंगलातला, तो हल्लीच्या वाइनमध्ये मिळतच नाही."

"गिल?"

गिल खुर्चीत हलला. त्याच्या वजनाने खुर्ची कुरकुरली. "चांगली आहे," एवढंच म्हणाला. "चौथी. हो."

मर्व्हने तो लांब सरकवलेला ग्लास परत ओढून घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला. मग घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकला. त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला मागून दिसत नव्हतं, पण कान पांढरे पडले होते.

"अरे," तो म्हणाला, "माझ्या नाकाला काहीतरी झालंय." आवाज एकदम बारीक आला. "मी हिला क्रमच दिला नाही. मला वाटलं, बूच बाधलंय. डॉक्टर, ग्रेटा गेल्यापासून मला नीट झोप नाही. त्याने नाक जातं का हो माणसाचं?"

डॉक्टर ऑसगुड, ज्यांनी हजार माणसांची पोटं फाडली असतील, ते आपल्या कागदाची घडी घालू लागले. "होतं कधी कधी," ते म्हणाले. "दुःखाने... होऊ शकतं."

मला तिथल्या तिथे त्यांच्या डोक्यात शेगडीचा चिमटा घालावासा वाटला. माणसाचं नाक शाबूत असताना त्याला सांगतात, गेलं म्हणून! त्याच्याकडे दुसरं उरलंय काय?

"पिशव्या काढा," रॉइस घाईघाईने म्हणाला. त्याला ते संपवायचं होतं. त्याने चौथ्या पिशवीची सुरगाठ एका झटक्यात सोडली, बाटली वर काढली आणि ओरडला, "टोनेली! पुन्हा टोनेली! अरे, शेगडीतलं लोखंड काढा रे!" आणि टाळ्या वाजवायला लागला. दुसऱ्या दोघांनीही वाजवल्या.

मर्व्ह आपल्या लेबलाकडे बघत होता. ते किंचित तिरकं लागलेलं लेबल, थंडीत ग्रेटाच्या शेजारी बसून चिकटवलेलं. मग त्याची नजर टेबलावर पडलेल्या सुतळीवर गेली. मग दुसऱ्या पिशव्यांच्या गाठींवर. त्याने त्या एकेक करून बघितल्या. आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. टाळ्या आपोआप थांबल्या.

"गिल," मर्व्ह म्हणाला. बाकीच्यांना त्याने विचारलंच नाही. "तुला वास आला होता?"

गिल म्हणजे तोंडाचा फाटका माणूस, पण त्या दिवशी तो टेबलावरचा कागद नखाने खरवडत बसला. शेवटी म्हणाला, "आला. दारातूनच आला, मर्व्ह."

"कधीपासून चाललंय हे?"

"आगीपासून."

"चांगल्या मनाने केलं रे," रॉइस म्हणाला. तो रडायच्या बेतात होता. "तू एकटा पडला होतास. आम्हाला दुसरं काय करता येत होतं?"

"खरं सांगता येत होतं," मर्व्ह म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्यासाठीच तर पिशव्या घालतो ना आपण?"

शेगडीत लोखंड लाल झालं होतं. मर्व्ह उठला, आपली बाटली उचलली आणि टेबलाभोवती फिरला. रॉइसचा ग्लास काठोकाठ भरला. डॉक्टरांचा भरला. गिलचा भरला. बाटली रिकामी करून खाली ठेवली.

"पहिल्या नंबरची वाइन थुंकायची नसते," तो म्हणाला. "प्या."

"मर्व्ह, ऐक ना..."

"प्या म्हटलं ना. ग्रेटाने खुडलेली द्राक्षं आहेत. माती, जंगल, खोली, संयम, सगळं आहे त्यात. प्या."

आणि ते प्याले. तीन म्हातारे पुरुष, मान खाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. गिलने एका दमात संपवली आणि तोंड पुसलं. डॉक्टर मध्ये दोनदा थांबले, मर्व्ह त्यांच्यापुढून हलला नाही. रॉइसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो पीत होता. कुबट वास आता मलाही येत होता. तिन्ही ग्लासांचे तळ दिसेपर्यंत मर्व्ह उभा राहिला.

"लोखंड विझव, रॉइस," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी कोट घेऊन मागे धावले. जाता जाता त्यांना काहीतरी लागट बोलावं म्हणून दारात थांबले, पण नदीन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती, आणि मी तशीच पुढे गेले. मर्व्ह अंगणात उभा होता. हातात फोन. दर वर्षी तो जिथे उभा राहायचा तिथेच, सवयीने. फोनकडे बघत होता. मी हळूच तो त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला.

गाडी डोंगर चढायला लागली. ऊन अजून होतं. जळक्या उतारावर झाडांचे काळे सोट तसेच उभे आहेत, तिथे आलो तेव्हा तो म्हणाला, "लोइस, मी स्वतः माझ्या बाटलीला पहिला नंबर कधीच दिला नव्हता."

"म्हणजे?"

"तिसरा, चौथा. एकदा तर शेवटचा. पिशवी काढल्यावर कळायचं, अरे, ही आपली. मला वाटायचं, घरचं पोर रोज डोळ्यांसमोर असतं, त्याची उंची आपल्याला कळत नाही. तिघं जाणकार म्हणतायत म्हणजे असणारच." तो हसल्यासारखा झाला. "माझ्या जिभेला बरोबर कळत होतं. मी तिचं ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "पण एखाद्या वर्षी खरंच चांगली झाली असेल की रे. त्यांनी खोटं सांगितलं म्हणून वाइन वाईट होती असं कुठे आहे?"

"असेलही चांगली," तो म्हणाला. "पण आता कोण सांगणार मला? ज्यांना कळतं ते तिघंच होते. यापुढे ते चांगलं म्हणाले तरी खोटं आणि वाईट म्हणाले तरी खोटं."

मी फाटकाशी गाडी थांबवली. उतरून फाटक उघडायचं काम नेहमी त्याचं. तो दाराच्या कडीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. समोर निम्मा मळा, निम्मं काळं रान.

"दर वर्षी तिला फोन करायचो," तो म्हणाला. "तिथूनच, अंगणातून. पहिला आलो म्हणून सांगायचो."

"माहीत आहे मला."

"तिचा श्वास ऐकू यायचा आधी. मग आवाज. खोकल्याशिवाय एक वाक्य पुरं व्हायचं नाही तिचं. मी विचारायचो, येऊ का गं मी? विकून टाकू का?"

"काय म्हणायची?"

"म्हणायची, एवढी मोठी माणसं पहिला म्हणतायत, मग कशाला येतोस? मी आहे ठीक. राहा तू."

तो उतरला आणि फाटक उघडायला गेला.